मागणीपत्र वाचायचे राहूनच गेले

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला महासाथीच्या काळातील शाळांवरचा लेख वाचला. शाळा बंद राहिल्यामुळे मुलांचे जे नुकसान झाले ते लेखकाने पोटतिडकीने मांडले आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण लेखाच्या मध्यावर जाता जाता एक वाक्य येते: जगभर शिक्षक संघटना आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले ते शाळा टाळण्यासाठी. या वाक्याला आधार काहीच दिलेला नाही. बहुधा त्याची गरजच वाटली नसावी, इतके ते सर्वांनी गृहीत धरले आहे.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत असे. महासाथीच्या काळात सहकाऱ्यांनी मला शिक्षक प्रतिनिधी म्हणून पुढे केले होते. आता निवृत्त आहे, त्यामुळे खुलासा मागवला जाण्याची भीती उरलेली नाही. पत्र लांबेल. आपण कात्री चालवालच, पण मागण्यांबद्दलचा भाग तेवढा ठेवावा.

जानेवारी २०२२ घ्या. ओमायक्रॉनची लाट वर जात होती. अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये १,२०० विद्यार्थ्यांनी एका निवेदनावर सह्या केल्या आणि ते मान्य झाले नाही तर वर्गात येणार नाही असे कळवले. निवेदनात मागितले काय होते? सर्वांना एन ९५ किंवा केएन ९५ दर्जाचे मास्क, आठवड्यातून दोनदा पीसीआर चाचणी, आणि पाऊस असतानाही बाहेर बसून खाता येईल अशी जास्तीची जागा. तिसरी मागणी मला फार आवडली. दिवसभर मास्क लावलेली मुले तो काढतात कधी, तर खाताना. तेव्हाच ती सगळ्यात जास्त दाटीने बसतात आणि मोठ्याने बोलतात. पाऊस आला की बाहेर बसलेली सगळी आत येतात. हे ज्याला सुचले त्याने मधली सुट्टी नीट पाहिलेली आहे. असल्या बारकाव्याचा नियम मी एकाही सरकारी परिपत्रकात वाचला नाही. शाळा टाळायची असती तर पावसाळी जेवणाच्या जागेची चिंता मुलांनी कशाला केली असती?

त्याच महिन्यात, ११ जानेवारीला, न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन टेक या मोठ्या शाळेतली शेकडो मुले भर दुपारी वर्ग सोडून बाहेर पडली. शिकागोत आधी शिक्षक आणि मग विद्यार्थी. तिथल्या शिक्षक संघटनेच्या मतदानात ७३ टक्के सदस्यांनी लाट ओसरेपर्यंत ऑनलाइन शिकवण्याच्या बाजूने कौल दिला. महापौर लोरी लाइटफूट यांनी त्याला बेकायदा कामबंद ठरवले आणि प्रशासनाने वर्गच रद्द केले. शाळेचे पाच दिवस गेले. बातम्यांतून आपल्यापर्यंत आले ते एवढेच. त्याच्या आधीच्या आठवड्यात काय झाले होते, ते फारसे कोणी सांगितले नाही.

झाले असे, की नाताळच्या सुट्टीत शिकागोच्या प्रशासनाने मुलांच्या घरी सुमारे दीड लाख चाचणी संच पाठवले. नमुना घ्यायचा आणि कुरियरच्या पेटीत टाकायचा. पेट्या भरून वाहिल्या, पाकिटांचे ढीग बाहेर पदपथावर साचले आणि त्यांची छायाचित्रे सगळीकडे फिरली. नोंदल्या गेलेल्या ३५ हजारांहून अधिक चाचण्यांपैकी सुमारे २५ हजार बाद ठरल्या. म्हणजे शाळा उघडली त्या सोमवारी वर्गात आलेल्या मुलांपैकी कोणाला लागण आहे आणि कोणाला नाही, हे सांगायला प्रशासनाकडे काहीही नव्हते. शिक्षकांनी मतदान केले ते दुसऱ्या दिवशी. वाटाघाटी संपल्या तेव्हा हाती आले ते चांगल्या दर्जाचे मास्क, वाढीव चाचण्या, आणि किती शिक्षक किंवा मुले नसली की शाळा काही दिवस ऑनलाइन करायची याचा ठरलेला आकडा. मुलांनी त्यानंतर, १४ जानेवारीला वर्ग सोडले. त्यांचे म्हणणे होते की आमच्याबद्दल ठरवताना आम्हालाही खोलीत बसू द्या. ते मात्र मान्य झाले नाही.

फ्रान्सचे उदाहरण मी मुद्दाम देते, कारण महासाथीत शाळा सर्वात जास्त उघड्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांत तो मोडतो आणि तिथल्या शिक्षकांनाही त्याचा अभिमान होता. तरी १३ जानेवारी २०२२ रोजी तिथे प्रचंड संप झाला. प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेने सहभाग ७५ टक्के सांगितला, मंत्रालयाने ३८.५. मंत्रालयाचा आकडा धरला तरी तो लहान नाही. पालकांची मोठी संघटना आणि मुख्याध्यापकही सोबत होते. चिडण्याचे कारण? सुट्टी संपायच्या आदल्या संध्याकाळी नवे नियम जाहीर झाले ते एका वृत्तपत्राच्या मुलाखतीत, आणि तीही पैसे भरून वाचायच्या पानावर. सकाळी सात वाजता शाळेचे फाटक उघडणाऱ्या मुख्याध्यापिकेने आदल्या रात्री वर्गणी भरून आपले नियम वाचायचे! पुढच्या दोन आठवड्यांत ते नियम पुन्हा पुन्हा बदलले. संपानंतर सरकारने एन ९५ च्या तोडीचे पन्नास लाख एफएफपी२ मास्क आणि हजारो बदली शिक्षक देण्याचे कबूल केले. मग काही दिवसांनी कळले की शिक्षणमंत्री झाँ-मिशेल ब्लांकेर यांनी ती मुलाखत इबिझा बेटावर सुट्टीत असताना दिली होती. पेशाने मी शिक्षिका आहे, त्यामुळे गृहपाठ न करता वर्गात येणाऱ्याबद्दल माझे मत काय असते ते सांगायला नको.

इंग्लंडचा प्रकार तर एका दिवसाचा. रविवार, ३ जानेवारी २०२१. पंतप्रधान बोरिस जॉन्सन दूरचित्रवाणीवर म्हणाले की शाळा सुरक्षित आहेत याबद्दल त्यांच्या मनात शंका नाही. शिक्षक संघटनेने त्याच दिवशी ऑनलाइन सभा घेतली आणि १९९६ च्या रोजगार हक्क कायद्यातल्या ४४ व्या कलमाखाली, धोका असलेल्या जागी काम न करण्याचा हक्क कसा बजावायचा, ते सदस्यांना समजावले. सोमवारी अनेक प्राथमिक शाळा उघडल्या. सोमवारी संध्याकाळी त्याच पंतप्रधानांनी सगळ्या शाळा बंद केल्या आणि कारण दिले की शाळांमधून विषाणू घराघरांत पसरू शकतो. रविवारी हेच म्हणणारे शिक्षक आळशी होते. सोमवारी रात्री ते सरकारी धोरण झाले. पण त्यांना आळशी म्हणणाऱ्यांपैकी कोणी शब्द मागे घेतल्याचे माझ्या वाचनात नाही.

आता माझ्या विषयाकडे येते. हे सगळे भांडण मुळात हवेचे होते, आणि ते हवेचे आहे हेच पहिले वर्षभर कबूल होत नव्हते. मार्च २०२० च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने ठासून सांगितले होते की करोना हवेतून पसरत नाही. जुलैत २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून हवेतल्या सूक्ष्म कणांकडे लक्ष वेधले. संघटनेच्या सार्वजनिक माहितीत ही गोष्ट स्पष्टपणे यायला एप्रिल २०२१ उजाडले. तोवर जगभरच्या शाळांनी आपली सगळी शक्ती कशावर घालवली, तर बाक पुसण्यावर, फाटकात कपाळावर तापमापकाचे पिस्तूल रोखण्यावर आणि जमिनीवर वर्तुळे आखण्यावर. हात धुण्याला माझा विरोध नाही, हात केव्हाही धुवावेत. पण जो आजार श्वासाने पसरतो त्यासाठी बाक चकाकवणे म्हणजे छत गळत असताना उंबरा सारवणे.

वर्गातल्या हवेचा हिशेब नववीच्या मुलाला जमेल इतका सोपा आहे. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असतो. आपण सोडलेल्या श्वासात तो सुमारे ४ टक्के, म्हणजे दहा लाखांत ४० हजार. वर्गात ठेवलेला कार्बन डायऑक्साइडचा मीटर २,००० दाखवत असेल तर वरचे साधारण १,६०० भाग कोणाच्या ना कोणाच्या छातीतून आलेले आहेत. १,६०० भागिले ४०,०००, म्हणजे ४ टक्के. वर्गात बसलेल्या प्रत्येकाच्या दर पंचवीस श्वासांतला एक श्वास दुसऱ्याने आधीच घेऊन सोडलेला आहे. मीटर ९०० वर आला तर हेच प्रमाण ऐंशीत एकाच्या आसपास येते. विषाणू मोजायला प्रयोगशाळा लागते, उष्टी हवा मोजायला हातात मावेल असे यंत्र पुरते.

हे यंत्र माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने आणून दिले. माझ्या वर्गाला एकाच बाजूला खिडक्या होत्या. वरची तावदाने रंगाच्या थरांखाली चिकटून बसलेली, खालच्या झडपांना खिळे, कारण पूर्वी कधीतरी मुलांनी बाहेर काहीतरी फेकले होते. शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा हजेरी निम्मी असूनही दुसरा तास संपेपर्यंत आकडा २,००० च्या पुढे गेला. दार सताड उघडे ठेवले आणि दोन झडपा कशाबशा मोकळ्या केल्या, तेव्हा तो ९०० च्या खाली उतरला. मी तो आकडा फळ्याच्या कोपऱ्यात तारखेशेजारी लिहू लागले. दुसरे काही केले नाही.

बाकीचे मुलांनी केले. नववीच्या काही मुलामुलींनी खेळाच्या सरांकडून मोजपट्टी आणली, बाकांमधले अंतर मोजले, खिडक्या मोजल्या, त्यांतल्या उघडणाऱ्या किती ते वेगळे लिहिले आणि एका पानाचे निवेदन संस्थेच्या कार्यालयात नेऊन दिले. खिळे काढा. दार उघडे ठेवण्यासाठी अडकण द्या. बाहेर झाडाखाली होतील ते तास बाहेर घ्या. आणि शेवटची मागणी, जी मलाही सुचली नव्हती: सरांना आणि बाईंना गळ्यात अडकवायचा ध्वनिवर्धक द्या, म्हणजे त्यांना ओरडावे लागणार नाही. मोठ्याने बोलताना तोंडातून जास्त कण बाहेर पडतात हे त्यांनी माझ्याच तासाला ऐकले होते. पण त्यावरून ध्वनिवर्धकापर्यंत पोचले ते तेच. उत्तर मिळाले नाही म्हणून दोन दिवसांनी मधल्या सुट्टीनंतर ती वर्गात न जाता पटांगणात वह्या घेऊन बसली. घोषणा नाहीत, फलक नाहीत. त्यांतली एक मुलगी मोठ्याने धडा वाचत होती.

कार्यालयाचा पहिला प्रश्न होता, "हे तुम्हाला कोणी शिकवले?" मग पालकांना बोलावणी गेली. मला वेगळे बोलावले गेले आणि फळ्यावर आकडे लिहिण्याचे प्रयोजन विचारले गेले. मी सांगितले की दिनांक आणि पटसंख्या लिहितो तसाच हा वर्गाच्या स्थितीचा आकडा आहे. खिडकीविषयी त्या बैठकीत कोणी एक शब्द काढला नाही. पुढच्या आठवड्यात सेवकाने येऊन खिळे उपसले. लेखी उत्तर मुलांना कधीच मिळाले नाही. ध्वनिवर्धक काही शिक्षकांनी स्वतःच्या पैशांनी घेतला.

"हे कोणी शिकवले?" हा प्रश्न जगभर सारखाच विचारला गेला. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या नॉर्थ पॉल्डिंग हायस्कूलमध्ये एका विद्यार्थिनीने गच्च भरलेल्या बोळाचे छायाचित्र काढून प्रसिद्ध केले. मास्क काहींच्याच तोंडावर होता, बहुतेकांच्या नव्हता. शाळेने काय करावे? मुलीला निलंबित केले. ओरड झाल्यावर निलंबन मागे घेतले. थोड्याच दिवसांत त्या शाळेतले सहा विद्यार्थी आणि तीन कर्मचारी बाधित निघाले आणि वर्ग तात्पुरते ऑनलाइन न्यावे लागले. बोळ तोच होता, छायाचित्राच्या आधीही आणि नंतरही.

शिक्षकांची भीती कल्पनेतली होती असेही लेखात सूचित केले आहे. त्यासाठी स्वीडन पाहावे, कारण तिथे आपोआप एक प्रयोगच घडला. २०२० च्या वसंतात सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळा चालू राहिल्या आणि त्यावरच्या वर्गांचे शिक्षण ऑनलाइन झाले. दोन्हीकडचे शिक्षक साधारण सारखे, फरक फक्त वर्गात जाण्याचा. अभ्यासाअंती दिसले की वर्गात जाणाऱ्या शिक्षकांना लागण होण्याचे प्रमाण घरून शिकवणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट होते. त्यांच्या जोडीदारांतही ते वाढलेले होते. पालकांमध्ये वाढ झाली, पण किंचित. या निष्कर्षातून शाळा बंद ठेवाव्यात असे निघत नाही, आणि मी ते काढतही नाही. उलट पालकांवरचा परिणाम कमी होता, म्हणून शाळा चालू ठेवण्याची बाजू बळकट होते. पण मग ज्यांच्या जिवावर त्या चालू ठेवायच्या त्यांनी मास्क आणि हवा मागितली तर बिघडले कुठे?

एका गोष्टीने सगळे सुटते असेही नाही, हे सांगायला हवे. कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात मे २०२१ मध्ये लस न घेतलेल्या एका शिक्षकाने अंगात लक्षणे असताना मास्क काढून मुलांना मोठ्याने वाचून दाखवले. चोवीस मुलांपैकी बारा बाधित झाली. पुढच्या दोन रांगांतल्या दहांपैकी आठ. त्या वर्गाची दारे-खिडक्या उघडी होती आणि हवा गाळण्याचे यंत्रही होते. म्हणून तर मुलांच्या याद्यांमध्ये एकच मागणी नसे, चार असत. मास्कही, चाचणीही, खिडकीही, अंतरही. त्या याद्या मला उत्तरपत्रिकेसारख्या तपासायला मिळाल्या असत्या तर मी चांगले गुण दिले असते.

वर्गातली हवा बदलण्याचे उपाय महाग किंवा नवे होते असेही नाही. क्षयरोगाच्या भीतीपोटी १९०४ मध्ये बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्ग इथे झाडांखाली भरणारी शाळा सुरू झाली होती, चार वर्षांनी अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्समध्ये सताड उघड्या खिडक्यांचे वर्ग. शंभर वर्षांनी जर्मनीत पुन्हा दर वीस मिनिटांनी खिडक्या उघडण्याचा नियम आला आणि मुले हिवाळ्यात पांघरुणे घेऊन बसली. अमेरिकेत रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेंथल यांच्या नावाने ओळखली जाणारी पेटी म्हणजे चार गाळण्या, एक चौकोनी पंखा आणि चिकटपट्टी. शाळकरी मुलांनी ती वर्गात बसून बनवली. न्यूयॉर्कमध्ये २०२० साली शाळांची तपासणी झाली तेव्हा हवा येते का हे पाहायला काठीच्या टोकाला शौचालयातला कागद बांधून झरोक्यापुढे धरत. त्यावर खूप हसले गेले. खरे तर प्रयोग म्हणून तो वाईट नाही. हवा आत येते की बाहेर जाते ते कागद सांगतो. किती येते ते सांगत नाही, एवढीच त्याची मर्यादा. निदान तिथे कोणीतरी झरोक्यापर्यंत गेले. तेही शिक्षक संघटनेने संपाचा इशारा दिल्यानंतर, आणि शाळा सुरू होण्याची तारीख त्यामुळे पुढे गेली.

ग्रीसमध्ये सप्टेंबर २०२० मध्ये विद्यार्थ्यांनी शेकडो शाळांचा ताबा घेतला. मागण्या: एका वर्गात पंधराच मुले, जास्त शिक्षक, जास्त सफाई कर्मचारी. सरकारने वाटलेले कापडी मास्क त्याच सुमारास मुलांच्या हातात पडले आणि ते इतके मोठे निघाले की अख्खा चेहरा झाकला जाईल. मापे कळवताना घोळ झाला होता. मुलांनी ते डोळ्यांवरून ओढून घेतलेली छायाचित्रे देशभर फिरली. तोवर कोणी एखाद्या मुलाच्या तोंडाला तो लावून पाहिला नसावा.

आता दुसरी बाजू, कारण लेखकाच्या मनातले दुःख मला कळते. शाळा बंद राहणे ही आपत्तीच होती. एप्रिल २०२० मध्ये जगातली दीडशे कोटींहून अधिक मुले शाळेबाहेर होती. युगांडात शाळा पूर्णपणे सुरू व्हायला १० जानेवारी २०२२ उजाडला, जवळजवळ दोन वर्षे. तिथे अनेक मुले कामाला लागली, अनेक मुली परतल्याच नाहीत. इटलीत तुरीनमध्ये नोव्हेंबर २०२० मध्ये बारा वर्षांची एक मुलगी बंद शाळेच्या दारापुढे टेबल-खुर्ची मांडून, थंडीत, तिथूनच ऑनलाइन तास करत बसली. तिला वर्ग हवा होता. शिक्षणमंत्र्यांनी तिला फोन केला. मग इतर शहरांतली मुलेही आपापल्या शाळांपुढे बसू लागली.

लेखक या मुलीला एका बाजूला आणि ओकलंडच्या मुलांना दुसऱ्या बाजूला उभे करतील. मला ती एकाच रांगेत दिसतात. एकीला आत जायचे होते आणि दुसऱ्यांना आत गेल्यावर आजारी पडायचे नव्हते. फाटक उघडावे की बंद ठेवावे, एवढ्याच प्रश्नावर वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी दोन वर्षे चर्चा घडवली, आणि मग आत काय आहे हे पाहायचे कारणच उरले नाही.

प्रत्येक आंदोलनाची मी वकिली करणार नाही. ३१ जानेवारी २०२२ रोजी धारावीत शिक्षणमंत्र्यांच्या घरापुढे जमलेल्या हजारो विद्यार्थ्यांची मागणी दहावी-बारावीच्या परीक्षा ऑनलाइन घ्या अशी होती. समाजमाध्यमावरच्या चित्रफितीने बोलावलेली गर्दी, तीही दाटीवाटीची, पुढे लाठीमार. सुरक्षेसाठीचे आंदोलन असे होत नाही, असे मला तेव्हाही वाटले. तरी वर्षभर पडद्यावर शिकवलेल्या मुलाला तीन तास कागदावर लिहायला बसवताना त्याचा हात चालेल का, हा त्यांचा प्रश्न पोरकट नव्हता. शेवटी परीक्षा कागदावरच झाल्या, पण अभ्यासक्रम कमी करून, जास्त वेळ देऊन आणि शक्यतो मुलांच्या आपल्याच शाळेत. म्हणजे ऐकायचे ठरवले की मधला मार्ग निघतो.

आणि ऐकायचेच नसेल तर काय होते, तेही आपल्याच देशात घडले. एप्रिल २०२१ मध्ये उत्तर प्रदेशात पंचायत निवडणुकीच्या कामावर शिक्षकांना जुंपले. संघटना मतमोजणी पुढे ढकला म्हणत होती. नंतर तिने कामानंतर मृत्यू पावलेल्या १,६२१ शिक्षक-कर्मचाऱ्यांची यादी दिली. शिक्षण खात्याने सांगितले, तीन. कारण घरातून निघाल्यापासून घरी परतेपर्यंत ज्याचा मृत्यू झाला तोच कामावर असताना गेला, अशी नियमाची व्याख्या होती. करोनाने माणूस सहसा दोन-तीन दिवसांत जात नाही, हे त्या व्याख्येला माहीत नव्हते. मोठा गदारोळ झाल्यावर मुदत तीस दिवसांची केली गेली आणि भरपाईस पात्र ठरणाऱ्यांचा आकडा तीनवरून कुठल्या कुठे गेला. सुरक्षेची मागणी करणाऱ्याला कामचुकार म्हणण्याआधी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

लेखकाला माझी एक विनंती आहे. ओकलंडच्या विद्यार्थ्यांचे निवेदन, शिकागोच्या शिक्षकांचा करार, ग्रीसच्या मुलांच्या मागण्या, फ्रान्सच्या संपकऱ्यांचे म्हणणे, हे सगळे सार्वजनिक आहे आणि वाचायला एक दुपार पुरते. ते त्यांनी वाचावे, आणि त्यांतली कोणती मागणी शाळा टाळण्यासाठी होती ते याच पानावर लिहावे. माझ्या नववीच्या मुलांच्या निवेदनाची प्रत माझ्याकडे आहे. हवी असल्यास आपल्या कार्यालयात पाठवते.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका